रात्रपाळीची सिस्टर

ज्या वर्षी सुताराच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं, त्याच वर्षी सरकारने तो कायदा आणला. ज्यांच्या आजाराला आता औषध उरलेलं नाही अशा माणसांना ठेवून घेऊन शेवटपर्यंत सांभाळणारं जे कुठलं घर असेल, त्याने सरकारी परवाना काढायचा, असा तो कायदा होता. परवाना नसेल तर घर बंद, आणि आतल्या आजाऱ्यांची रवानगी मोठ्या इस्पितळात.

शहराच्या त्या भागात असं घर एकच होतं. त्याच्या पाटीवर लांबलचक नाव होतं, पण ते कोणाच्या तोंडात बसलं नव्हतं. सगळे त्याला सिस्टरचं घर म्हणत. पोस्टाच्या मागचं बैठं घर, पायऱ्यांपाशी चाकाची खुर्ची, आत दोन खोल्या आणि सहा खाटा. सिस्टर पूर्वी मोठ्या इस्पितळात नर्स होती. "आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या," असं डॉक्टरांनी सांगितलं की आजाऱ्याच्या घरचे लोक किती बावरून जातात, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. अंथरुणातल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हेही कोणाला ठाऊक नसायचं. शेवटी ती नोकरी सोडून तिने हे घर उघडलं. रोज संध्याकाळी एक डॉक्टर येऊन बघून जायचे. बाकी सगळं तिच्या अंगावर.

सुताराची वहिनी याच घरात होती. पोटातला आजार पार पसरला होता. सुतार सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि त्याच वर्षी थोरल्या भावाची बायको म्हणून ही घरात आली. तिनेच त्याला वाढवलं. पण दिराला 'भाऊजी' म्हणायचं आणि 'तुम्ही' म्हणायचं हे तिच्या आईने तिला बजावून पाठवलेलं होतं, आणि ते तिने कधी सोडलं नाही. "भाऊजी, नाक पुसा," "भाऊजी, चड्डी वर ओढा," अशा भाषेत तो लहानाचा मोठा झाला. आता तो स्वतः म्हातारा झाला होता, थोरला भाऊ केव्हाच गेला होता, आणि वहिनीला अजून तो भाऊजीच होता.

इथे यायच्या आधी वहिनीने मोठ्या इस्पितळात काही दिवस काढले होते. वॉर्डात जागा नव्हती म्हणून तिला बाहेरच्या बोळात ढकलगाडीवर ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का गाडीला लागायचा आणि तिच्या पोटात कळ उठायची. एके दिवशी तिने सुताराची बाही धरली.

"भाऊजी, मी जायचं तिथे जाईनच. पण असं लोकांच्या पायात नको."

"पुन्हा असं होऊ देणार नाही," असा शब्द त्याने तिला दिला. साध्या पाच शब्दांचा होता, पण कायद्याची बातमी आल्यापासून तो त्याच्या मानगुटीवर बसला. परवाना मिळाला नाही तर वहिनीला पुन्हा त्याच बोळात जावं लागणार होतं.

कायद्याला नावं ठेवणारे पुष्कळ होते. खुद्द सुतारच तडतडत आला. "सरकारला दुसरा उद्योग नाही. देवमाणसासारखं काम करणाऱ्या बाईला परवाना मागतायत."

सिस्टर तेव्हा कंडक्टरची दाढी करत होती. कंडक्टर म्हणजे दाराजवळच्या खाटेवरचा म्हातारा. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेली, छातीत आता अर्धंच फुफ्फुस चालत होतं. तिने वस्तरा हलू न देता उत्तर दिलं.

"काका, हा कायदा आधीच यायला हवा होता."

"तो कसा?"

"एका माणसाने गोदामात खाटा टाकल्या होत्या. पाटी माझ्यासारखीच. आत नर्स नाही, औषध नाही. एक बाई दोन दिवस तशीच पडून होती, तेव्हा कुठे शेजाऱ्यांना कळलं. त्या घरात कोणी तपासायला गेलं असतं तर? मी चांगली आहे हे तुम्हाला दिसतंय. पण मी चांगली आहे हे मीच ठरवायचं का?"

"तिकीट तपासनीस चढला की बसमधले सगळे सरळ बसतात," कंडक्टर गालावरच्या फेसातून म्हणाला. "मीसुद्धा बसायचो."

सुताराला पटलं नाही. पण या बाईसमोर तावातावाने बोलणं जमायचंच नाही. तिच्या कामातच असं काही होतं की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. कोणाच्याही अंगाला हात लावण्याआधी ती तो गरम पाण्याच्या पिशवीवर धरून ऊबदार करायची. पांघरूण काढण्याआधी विचारायची, मग समोरचा शुद्धीत असो नसो. आणि औषधाच्या बाबतीत तिचा एक हट्ट होता: दुखणं उठायच्या आधी औषध पोचलं पाहिजे, उठल्यावर त्याच्या मागे धावायचं नाही. वहिनी इथे आली त्या दिवशी ती कण्हत होती. दोन दिवसांनी ती सुताराच्या शर्टाच्या कॉलरीला नावं ठेवायला लागली. ते ऐकून त्याला दाराआड जाऊन डोळे पुसावे लागले होते.

परवान्यासाठी घरात बऱ्याच गोष्टी करायच्या होत्या, आणि लाकडाचं जे काही असेल ते सुताराने आपल्याकडे घेतलं. दारं अशी हवीत की खाट माणसासकट सरळ बाहेर निघेल. पायऱ्यांच्या बाजूने उतरण हवी. दुखण्यावरच्या कडक औषधासाठी कपाटाच्या आत कपाट, त्याला दोन कुलपं, आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. सुताराचे गुडघे कुरकुरत होते, पण हात अजून शाबूत होते. त्याने जुन्या चौकटी काढल्या, नव्या बसवल्या, उंबरे तासून टाकले. ठोकाठोकीचा आवाज आजाऱ्यांना नको म्हणून तो शक्य तेवढं काम स्क्रूवर भागवायचा. वहिनी खाटेवरून सूचना करत राहायची.

"भाऊजी, ते दार खाली घासतंय."

"नाही घासत."

"मला ऐकू येतंय. तुम्हाला नाही. कान तुमचे गेलेत, माझं पोट गेलंय."

दार घासतच होतं.

याच दिवसांत मुलीच्या लग्नाचं बिनसलं होतं. जेवणावळ कोणाच्या दारात होणार यावरून दोन्ही घरांत कडाक्याचं वाजलं आणि सोयरीक मोडली. वहिनीने नवऱ्या मुलालाच बोलावून घेतलं. त्याला खाटेशेजारी बसवलं आणि विचारलं, "तुला मुलगी हवी की जेवण?" मुलगा लाजून म्हणाला, मुलगी. "मग आईला सांग, मी उपाशी लग्न करतो." ठरलं पुन्हा. वहिनी खुशीत होती. लग्न बघायला ती असेल का, हे कोणी बोललं नाही, तीही नाही.

कुलपं घ्यायला एकदा सुतार सिस्टरबरोबर बाजारात गेला होता. चालता चालता ती एकाएकी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. सुताराने पाहिलं, समोरून चष्म्याच्या दुकानाची मालकीण येत होती. तिचा नवरा मागच्या वर्षी सिस्टरच्या घरी वारला होता.

"भांडण झालंय की काय?" त्याने विचारलं.

"छे. चांगली बाई आहे." सिस्टर खाली बघून चालत होती. "माझं तोंड दिसलं की त्यांना तो दिवस आठवतो. बिचारी भाजी घ्यायला निघालेली असते, मी कशाला मध्ये येऊ? ज्या घरचं माणूस माझ्या हातात गेलं, त्या घरच्यांच्या समोर मी जात नाही. पहिल्यापासूनचा नेम आहे माझा."

"आणि समोर आलेच तर?"

"गल्ल्या पुष्कळ आहेत."

सुताराला तेव्हा हे फार मोठ्या मनाचं लक्षण वाटलं.

तपासनीस बाई आल्या त्या सपाट चपला घालून, खांद्याला एक कापडी पिशवी आणि पिशवीत टेप. बुटक्या, वयाने पन्नाशीच्या, चेहऱ्यावर ना हसू ना आठी. सुताराने मनात त्यांच्याशी आधीच वैर धरलं होतं. पण त्या काम करायला लागल्या आणि तो बघतच राहिला, कारण काम जाणणारं माणूस त्याच्यापासून लपत नसे.

त्यांनी नळ सोडून पाण्याखाली आपलं मनगट धरलं. प्रत्येक खाटेची घंटी स्वतः वाजवली आणि कोण येतं, कसं येतं ते पाहिलं. कडक औषधाच्या गोळ्या सिस्टरसमोर ताटलीत ओतून मोजल्या. मग रिकाम्या खाटेवर त्या सरळ आडव्या झाल्या, चपला काढून, आणि छताकडे बघत पडून राहिल्या.

"हा दिवा डोळ्यांवर येतो," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "उभ्या माणसाला कळत नाही. सरकवून घ्या."

"घेते," सिस्टर म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की जणू कोणी तिला बक्षीस दिलं. "मागच्या भिंतीला ओल आहे, तीही दाखवते. पडद्यामागे आहे, म्हणून दिसली नाही तुम्हाला."

सुताराने कपाळावर हात मारला. तो पडदा मुद्दाम त्यानेच सरकवला होता.

मग दारांची पाळी आली. खाट माणसासकट बाहेर काढून दाखवायची होती. कंडक्टर म्हणाला, माझीच काढा. सिस्टर आणि सुताराने खाट ढकलली. नव्या दारातून ती कुठेही न घासता सुळकन गेली, आणि कंडक्टर आपल्या अर्ध्या श्वासात ओरडला, "पुढे चला, पुढे चला, मागे जागा आहे." तपासनीस बाई पहिल्यांदा हसल्या.

शेवटी त्यांना आजाऱ्यांशी एकेकट्याने बोलायचं होतं. घरचं कोणी जवळ थांबायचं नाही, असा कायदाच होता. सुतार बाहेर पायरीवर जाऊन बसला. चोरून ऐकायचं त्याच्या मनात नव्हतं, पण वर खिडकी उघडी होती आणि वहिनीचा आवाज आजारातही खणखणीत होता.

"आजी, इथे काही त्रास?"

"आहे ना."

सुतार पायरीवरून अर्धवट उठला.

"कसला?"

"ही पोरगी झोपत नाही."

"कोण, सिस्टर?"

"हो. दिवसा तीच आणि रात्रीही तीच. रात्रीला मोठ्या सिस्टर आहेत नावाला. त्या येतात हो, रोज येतात. पण वय बघा त्यांचं, माझ्याहून मोठ्या. खुर्चीत बसल्या की मान छातीवर. मग ही उठते, त्यांच्या अंगावर पांघरूण घालते आणि आमच्यात फिरत राहते. परवा औषध मोजताना हात थरथरत होता हिचा. बाटलीकडे पुन्हा पुन्हा बघत होती. चुकली नाही, तेवढं नक्की लिहा. पण आज ना उद्या चुकेल. आणि ती अशी आहे की एक चूक झाली तर पुन्हा कोणाला हात लावणार नाही."



"आजी, हे मला सांगितल्यावर काय होऊ शकतं, कल्पना आहे ना?"

"बाई, मला आजार पोटाचा आहे, डोक्याचा नाही."

मोठ्या सिस्टरांनीच आपल्या सिस्टरला तरुणपणी इस्पितळात काम शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी रात्रपाळी मागून घेतली होती, आणि त्यांना नको म्हणायची सिस्टरची छाती झाली नव्हती. कायद्यात मात्र स्वच्छ लिहिलं होतं: दिवसरात्र नोंदणी झालेली नर्स हवी, आणि ती जागी हवी.

तपासनीस बाई बाहेर आल्या आणि त्यांनी सिस्टरला सरळ विचारलं, "आजी म्हणतात ते खरं?"

सुतार मनात म्हणत होता, नाही म्हण, म्हातारीला औषधाने भास होतात म्हण. सिस्टर तसं म्हणाली असती तर कोणी खोदून विचारलं नसतं.

"खरं आहे," सिस्टर म्हणाली. "मोठ्या सिस्टर येतात हे मी खोटं लिहिलं नाही. पण ते अर्धंच होतं."

"मी आत्तापर्यंत पाहिलेल्यांत हे सगळ्यात चांगलं घर आहे," तपासनीस बाई म्हणाल्या, "आणि म्हणूनच मी आज सही करणार नाही. तुम्ही उद्या अंथरुणाला खिळलात तर या पाच जणांचं काय? महिनाअखेर रात्रपाळीची नर्स दाखवा. नाही दाखवलीत तर मला यांना हलवावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण मी ते करीन."

त्या गेल्यावर सुतार तडक वहिनीच्या खाटेशी गेला. साठ वर्षांत तो तिच्यावर आवाज चढवून बोलला नव्हता, तो त्या दिवशी बोलला.

"वहिनी, हे काय केलंस तू? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास."

"माझ्या पायांना आता कुठे जायचंय?"

"बोळात जायचंय. त्या ढकलगाडीवर. मी तुला शब्द दिलाय, आणि तू—"

"भाऊजी, बसा." तो बसला. "मी चार आठवडे आहे की सहा, ते डॉक्टरला ठाऊक. पण माझ्यामागून या खाटेवर कोण येईल? त्याच्यामागून कोण? ही पोरगी कोसळली तर त्यांना कोण बघणार? मी एकटीने बोळात जायचं, की सगळ्यांनी जायचं? आणि असं बघा, मी खोटं बोलले असते तर त्या बाईला कळलं असतं. ती खाटेवर झोपून बघणारी बाई आहे."

 सुताराचा राग उतरत नव्हता. तो उठला आणि कारण नसताना दाराचे स्क्रू पुन्हा आवळत बसला.

सिस्टरने इस्पितळातल्या जुन्या ओळखीच्या नर्सना विचारलं. एकीला लहान मूल होतं, दुसरीच्या सासूचा विरोध होता, तिसरी म्हणाली की जिथून कोणी बरं होऊन जात नाही तिथे रात्र काढायची तिची हिंमत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तिला दोन माणसं आली आणि खाटा बघून परत गेली. महिना सरत चालला. सिस्टर दिवसेंदिवस पांढरी पडत होती आणि तरी कंडक्टरची दाढी वेळेवर होत होती.

मोठ्या सिस्टरांनी त्या दिवसापासून हाय खाल्ली होती. एका दुपारी सुतार त्यांच्या खुर्चीचा डुगडुगता पाय बसवत होता, तेव्हा त्या जवळच पायरीवर बसल्या होत्या.

"मीच आधी उठायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "रात्री मला वाटायचं मी जागीच आहे. सकाळी अंगावर पांघरूण दिसायचं, तरी मी समजून घेतलं नाही."

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"एक मुलगी आहे," मोठ्या सिस्टर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या. "गिरणीच्या दवाखान्यात नर्स आहे. हात फार चांगला. पण ही तिला कधी विचारणार नाही. तिचे वडील इथेच गेले ना."

सुताराचा हात थांबला. सिस्टरचा नेम त्याला ठाऊक होता. पण नेम तिचा होता, आपला नव्हे, असा हिशोब त्याने मनाशी केला आणि तसाच, पँटवरचा भुसा झटकत, गिरणीकडे निघाला.

गिरणीच्या दवाखान्यात एक उंचच उंच बाई एका कामगाराच्या अंगठ्याला पट्टी बांधत होती. नंतर वहिनीने तिचं नाव ताडमाड ठेवलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. सुताराने सिस्टरचं नाव काढताच तिने पट्टी बांधून संपवली, कामगाराला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

"सिस्टरनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही. तिला कळलं तर माझी धडगत नाही."

"मग मीच विचारते. काका, माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवशी तिथे काय झालं?"

"म्हणजे?"

"मी त्या वेळी कामावर होते. पोचेपर्यंत ते गेलेले. नंतर दोनदा बाजारात सिस्टर दिसल्या. मी हाक मारणार तोच त्या वळून गल्लीत शिरल्या. का? काहीतरी वाईट झालं असणार ना, जे त्यांना मला सांगवत नाही. वडिलांना त्रास झाला का? मला हाका मारत होते का? दोन वर्षं मी हेच मनात घोळवतेय."

 बाजारातली ती गोष्ट सुताराच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. या बाईला सुखाने जगता यावं म्हणून सिस्टर गल्लीत शिरत होती, आणि ही दोन वर्षं त्या गल्लीच्या तोंडाशीच उभी होती.

"चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "आत्ताच चला. दुसरं काही बोलत नाही मी."

सिस्टर मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. ताडमाडला बघताच तिने वाट शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं, पण अंगणाला दुसरी वाट नव्हती, आणि होती त्या एका वाटेत सुतार उभा होता.

"काका, हे तुम्ही काय केलंत?"

"शिव्या नंतर घाला. आधी त्या काय विचारतायत ते ऐका."

ताडमाडने विचारलं. सिस्टर ऐकत गेली आणि तिच्या हातातली ओली चादर खाली घसरून मातीत पडली. तिने ती उचलली नाही.

"काही वाईट झालं नाही गं," ती म्हणाली. "सकाळी अंग पुसलं. खिडकी उघडायला लावली. चहा मागितला. दोन घोट घेतले आणि मला म्हणाले, पाणचट केलाय. मी दुसरा करायला वळले, तेवढ्यात गेले. एवढंच. मी पुन्हा चहा टाकायला चालले होते."

ताडमाड तोंडावर हात धरून हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली.

"ते रोज म्हणायचे. कोणीही केला तरी पाणचटच म्हणायचे."

"मला वाटलं, तुला मी दिसले की..." सिस्टर म्हणाली. इतक्या जणांच्या मरणापाशी न डगमगणारी ती बाई त्या अंगणात अगदी लहान मुलीसारखी उभी होती. "किती जणांना टाळलं असेन मी. चष्म्याच्या दुकानातली बाई. पलीकडचा शिंपी. सगळे असाच विचार करत असतील का गं?"

"विचारा जाऊन," ताडमाड म्हणाली आणि मातीतली चादर उचलून पुन्हा पाण्यात टाकली.

रात्रपाळीची गोष्ट तिने स्वतःच काढली. गिरणीत तिची वेळ दुपारी संपत असे, तिथली नोकरी महिन्याभरात सोडते म्हणाली आणि तोवर दोन्ही करते म्हणाली. दोन्ही करायला सिस्टरने सक्त मनाई केली. "एक झोप न घेणारी पुरे झाली या घराला." मग गिरणीच्या डॉक्टरनेच तिला आठवडाभरात मोकळं केलं. मोठ्या सिस्टरांना दुपारची वेळ मिळाली. आजाऱ्यांच्या उशाशी बसून गप्पा मारायच्या, हात हातात धरायचा, आणि डुलकी लागली तर खुशाल घ्यायची. कंडक्टरला त्या फार आवडायच्या, कारण त्याच्या बसच्या गोष्टी त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकायच्या.

महिनाअखेर तपासनीस बाई पुन्हा आल्या, आणि सांगितल्या वेळी नव्हे तर भल्या पहाटे, न कळवता. ताडमाड उभी होती, कंडक्टरची उशी उंच करत. शेजारच्या खोलीत सिस्टर गाढ झोपली होती. तपासनीस बाईंनी दार किलकिलं करून तिच्याकडे बघितलं आणि हलकेच पुन्हा लावून घेतलं. सही त्यांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच केली. जाताना वहिनीच्या खाटेशी थांबल्या.

"आजी, आता काही तक्रार?"

"आहे. ही नवी रात्री गुणगुणते. सूर कच्चा आहे."

"लिहून घेऊ?"

"नको. राहू द्या."

सुतार त्यांना उतरणीपर्यंत पोचवायला गेला. या बाईंचा त्याने मनात केलेला राग आता त्याला सापडत नव्हता. त्याने नमस्कार केला. त्यांनी वाकून उतरणीच्या कठड्याला हात लावून पाहिला, लाकूड गुळगुळीत आहे ना, कुसळं लागत नाहीत ना, आणि निघून गेल्या.

सिस्टर हळूहळू माणसांत आली. एका सकाळी ती आपणहून चष्म्याच्या दुकानात गेली आणि तास झाला तरी परत येईना, तेव्हा वहिनी म्हणाली, "तिथे डोळे तपासतात की गळ्यात पडून रडतात?" दोन्ही झालं होतं. सिस्टर नवा चष्मा घालून परतली.

लग्न झालं. नवरानवरी तशीच सजलेली सिस्टरच्या घरी आली आणि वहिनीच्या पाया पडली. तिने मुलाला विचारलं, "जेवलास?" तो म्हणाला, दोन्ही दारांत जेवलो.

त्यानंतर वहिनी बोलेनाशी झाली. दुखणं नव्हतं, ते सिस्टरने उठूच दिलं नाही. फक्त झोप वाढत गेली. एका सकाळी ताडमाडने सुताराला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा वहिनीचे श्वास लांब लांब अंतराने येत होते. त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "सिस्टरला उठव."

ताडमाड जागची हलली नाही. "आजींनी बजावून ठेवलंय. शेवटचं नीट बोलल्या ते हेच. त्या पोरीला झोपू दे, म्हणाल्या."

"अगं, पण वेळ आलीय."

"मी आहे ना, काका."

ती होती. वहिनीचे ओठ ती ओल्या कापसाने भिजवत होती आणि मधूनच तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. सुतार दोघींकडे बघत राहिला. शेजारच्या खोलीतून सिस्टरच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता आणि उघड्या खिडकीतून रस्त्यावरचा सकाळचा आवाज. बोळ नव्हता, ढकलगाडी नव्हती, कोणाचे पाय मध्ये येत नव्हते. वहिनीने एक श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही.

सिस्टर जागी होऊन आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती खाटेशी उभी राहिली.

"मला उठवायचं होतं," ती म्हणाली.

"तुमची पाळी नव्हती," ताडमाड म्हणाली.

सुताराची वहिनी, वय चौऱ्याहत्तर, त्या वर्षी नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी सकाळी, सिस्टरच्या घरी वारली.